एचआयव्हीच्या रिपोर्टात अँटीबॉडी निघाली तं ते कसं समजून घ्यायचं

कोरोनाच्या वेळेस अँटीबॉडी म्हणजे कवच असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं, म्हणून आता कोणाच्या एचआयव्हीच्या रिपोर्टात अँटीबॉडी निघाली का घरचे इचारतात, "शरीर लढून राहिलं ना भाऊ, मंग गोळ्या कायले?" प्रश्न बरोबर आहे, पण उत्तरात चूक झाली तं माणूस हातचा जाते, म्हणून नीट सांगतो.

सगळ्यात आधी रिपोर्ट पाहा. आयसीटीसीतली, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी अन् सल्ला केंद्रातली, साधी टेस्ट व्हायरस मोजत नाई, अँटीबॉडी शोधते, अन् पॉझिटिव्ह पक्कं करायले तीन येगयेगळ्या किट वापरतात. म्हणजे अँटीबॉडी हा व्हायरस शिरल्याचा पुरावा, दबल्याचा नाई. लागण नवी असली तं अँटीबॉडी बनायले काही आठवडे जातात, म्हणून शंका असली तं निगेटिव्ह आल्यावरही तीन महिन्यांनी परत तपासा. आईच्या अँटीबॉडी लेकराच्या रक्तात 18 महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्याच्यासाठी दीड महिन्यापासून थेट व्हायरस शोधणारी पीसीआर टेस्ट असते, साध्या टेस्टवरून लेकराले पॉझिटिव्ह म्हणू नका.

मंग अँटीबॉडी असून व्हायरस वाचते कसा? जागलीले जाणाऱ्याले हे लवकर समजन. डुक्कर ज्या धुऱ्यावरून आलं तिकडे आपण काटे लावतो, तवर ते दुसऱ्या धुऱ्यावरून तुरीत घुसलेलं असते. एचआयव्ही आपलं वरचं आवरण सारखं बदलते, म्हणून आजच्या अँटीबॉडी काही महिन्यांआधीच्या व्हायरसले बरोबर पकडतात, आजचा मात्र निसटते. थोड्या लोकांत दोन-तीन वर्षांनी लय तऱ्हेच्या व्हायरसले थांबवणाऱ्या अँटीबॉडी बनतात, 2010 मधे जाहीर झालेली व्हीआरसी01 त्यातलीच, पण त्या जास्त करून ज्यांच्या रक्तात व्हायरस भरपूर आहे त्यांच्यातच दिसतात. मले हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, चांगली अँटीबॉडी असणं अन् आजार ताब्यात असणं या दोन येगळ्या गोष्टी आहेत.

गोळ्यांशिवाय व्हायरस दाबून ठेवणारे लोक आहेत, पण शंभरात एकापेक्षाही कमी. त्यांच्यात मुख्य काम टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) करतात, लागण झालेल्या पेशी शोधून मारतात, अन् बऱ्याच जणांत एचएलए बी57 नाईतर बी27 हे जीन सापडतात. अँटीबॉडीचा थोडाफार हातभार असन, पण मुख्य आधार तो नाई.

"मी त्यातला आहे का" हे पाहाच्या नादात उपचार थांबवू नका. 2017 पासून आपल्या देशात सीडी4 (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असो, पॉझिटिव्ह निघाला का गोळ्या सुरू करायचं धोरण आहे, अन् सरकारी एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्यांचा उपचार) सेंटरात त्या फुकट भेटतात. सहा महिन्यांनी, मंग बारा महिन्यांनी, पुढे दरवर्षी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती हे मोजणारी टेस्ट, करून घ्या, सेंटरात कोणी नाई बोललं तं आपण इचारा. त्यावर व्हायरस सापडला नाई असं आलं तं ते गोळ्यांचं काम आहे बरं, बंद केल्या का बहुतेकांत काही आठवड्यांत व्हायरस परत चढते. 2006 मधे स्मार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात मधेमधे गोळ्या थांबवणाऱ्यांत आजार अन् मृत्यू जास्त निघाले होते.

कापूस वेचाले दुसऱ्या तालुक्यात जाणं असलं तं निघायच्या आठ दिवस आधी सेंटरात सांगा अन् तेवढ्या दिवसांच्या गोळ्या संगं न्या. काही इचारायचं असलं तं 1097 वर फोन फुकट लागते.