बेस शिकायचाय? आधी थांबायला शिका

ठरवून बेस गिटार, म्हणजे खर्ज सांभाळणारी, सहसा चार तारांची गिटार, शिकणारी माणसं थोडीच असतात. बहुतेकांच्या ती गळ्यात पडते. पॉल मॅकार्टनी सुरुवातीला बीटल्समध्ये गिटार वाजवायचा. 1961 मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बँड सोडून गेला, दुसरं कोणी बेस घ्यायला राजी होईना, म्हणून त्याने घेतला. लॉस एंजेलिसच्या कॅरोल के तर कसलेल्या गिटारवादक. 1963 मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला फिरकलाच नाही, म्हणून त्या तिथे बसल्या आणि पुढे बेससाठीच नावाजल्या गेल्या. आमच्या ऑफिसच्या बँडमध्ये गिटारवाले तीन होते, आणि त्यांत सगळ्यात कमी भांडणारी मी. एवढीच माझी कथा. ठाण्यात राहते, पोटासाठी हिशेब तपासते आणि हौसेसाठी बेस वाजवते.

तुम्हीही त्याच वाटेवर असाल तर घरच्यांपासून सुरुवात करू. घरी पाहुणे आले की 'जरा काहीतरी वाजवून दाखव ना' होणारच. बेसवर एकट्याने वाजवून दाखवण्यासारखं पहिल्या वर्षी हातात काही नसतं. तुम्ही एखाद्या गाजलेल्या गाण्याची अख्खी बेसलाइन चोख वाजवाल आणि मावशी म्हणेल, 'छान. पण गाणं कधी सुरू होणार?' यावर एकच उपाय आहे: मोबाइलवर मूळ गाणं लावा आणि त्याच्यासोबत वाजवा. काका पुढे विचारतील, 'दोन तारा तुटल्यात का गं?' त्यावर उपाय नाही.

आता खरेदी. बेसची तार साधारण 34 इंच लांबीची, साध्या इलेक्ट्रिक गिटारची साडेपंचवीस. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण पहिल्या फ्रेटपाशी, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या घरापाशी, बोटांना लगेच कळतो. गिटारवर तो फ्रेट साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असतो, बेसवर पावणेपाच. चार बोटं चार फ्रेटवर ताणून बसवायचा हट्ट या सुरुवातीच्या घरांत करू नका, मनगट दुखेल. उभा धरायचा मोठा डबल बेस वाजवणारे पहिलं, दुसरं आणि करंगळी एवढ्यावरच भागवतात, अनामिका नुसती करंगळीला टेकू देते. तीच सवय इथे लावा. हात लहान असतील तर 30 इंची, शॉर्ट स्केल बेस मिळतो, तो जरूर बघा. दुकानदार 'तो लहान मुलांचा' म्हणेल. म्हणू दे. मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा प्रसिद्ध बेससुद्धा शॉर्ट स्केलच होता.

साधारण वीस हजारांच्या आसपास नवशिक्याला पुरेसा, नावाजलेल्या कंपनीचा बेस मिळतो. धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये किंवा तुमच्या गावातल्या दुकानात जाऊन तो हातात घ्या. फोटोवर भाळून मागवू नका. बसून वाजवा, मग पट्टा लावून उभ्याने वाजवा, आणि मानेवरचा हात सोडून द्या. काही बेसची मान लगेच जमिनीकडे झुकते. असा बेस घेतलात तर सगळा कार्यक्रम तुमचा डावा हात सूर लावायचं सोडून मान सावरत बसेल. पट्टा रुंद घ्या, कारण चारेक किलोचं ओझं तीन तास एकाच खांद्यावर असतं. पाच तारांचा मोह आत्ता नको. आणि घरातल्या होम थिएटरला बेस जोडून आवाज वाढवू नका, स्पीकर फाटतो. घरी सरावाला हेडफोनचा छोटा अँप्लिफायर उत्तम. शेजाऱ्यांसाठीही उत्तमच, कारण खर्जाचा आवाज भिंतीतून आरपार जातो. आमच्या खालच्या आजींनी बरेच दिवस समजूत करून घेतली होती की वर कोणीतरी अवेळी मसाला कांडतंय.

तारांचं एक सांगते. बेसच्या तारांचा चांगला संच दीड-दोन हजारांच्या पुढेच जातो, त्यामुळे हौशी माणूस त्या सहसा बदलत नाही. काही महिन्यांनी बोटांचं तेल आणि मळ वेटोळ्यांत भरून आवाज बसका होतो. तेव्हा तारा काढायच्या, सैल गुंडाळायच्या आणि उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायच्या. पाण्यावर राखाडी तवंग येतो, तो बघितलात तर पुन्हा हात न धुता वाजवायला बसणार नाही. मग कोरड्या पुसून, पूर्ण वाळवून चढवायच्या. आवाज लख्ख होतो. थोडेच दिवस टिकतो, पण एक कार्यक्रम निघतो. पातेलं मात्र स्वतःचं आणा. आई स्वयंपाकघरात आली, झाकण काढलं, आत बघितलं आणि शांतपणे म्हणाली, 'हे पातेलं आता तुझं.' तेव्हापासून ते गिटारच्या कपाटात असतं.

आता मूळ मुद्दा. नवशिके विचारतात की किती जोरात वाजवू, किती भराभर वाजवू. बेसवर खरा प्रश्न असतो तो सूर कुठे तोडायचा हा. सूर लावायला एक क्षण लागतो. तो किती वेळ ठेवायचा आणि नेमका कुठे बंद करायचा, यावर गाणं चालतं की रेंगाळतं ते ठरतं. जाड तार सोडली तर ती घुमत राहते, शिवाय शेजारच्या तारा न छेडताच कुजबुजायला लागतात. त्यामुळे दोन्ही हातांचं अर्धं काम आवाज बंद करण्याचं. उजवा अंगठा वरच्या जाड तारेवर टेकलेला, डाव्या हाताची रिकामी बोटं बाकीच्या तारांवर अलगद पडलेली. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा आणि जगभरचे बेसिस्ट आजही त्याच्या ओळी गिरवतात. तेव्हा बोटं किती वापरता याची काळजी करू नका.

सराव असा: मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 60 वर. एकच सूर. एका ठोक्यावर लावायचा, पुढच्या ठोक्यावर तोडायचा. तोडताना 'टप्' असा आवाज येता कामा नये. मग अर्ध्या ठोक्यावर तोडायचा. मग दीड. पाच मिनिटांत इतका कंटाळा येतो की माणूस मोबाइल उचलतो. इथे जो टिकतो त्याला पुढे कुठलाही बँड सोडत नाही, हे माझं ठाम मत आहे.

मराठी गाण्यांची साथ करणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण आपल्याकडे खर्जाची जागा आधीच भरलेली असते. तिथे डग्गा बसलाय. इंग्रजी व्हिडिओंत सांगतात की ड्रमच्या पायाच्या ठोक्याला चिकटून राहा. मंडपात ड्रम नसतोच, तबला-ढोलकी नाहीतर ऑक्टोपॅड असतो. केरव्याचं 'धागेनतीनकधिन' तोंडाने म्हणून बघा. धा, गे आणि धि या अक्षरांना डग्गा घुमतो, मधल्या ती, न, क या अक्षरांना तो गप्प असतो. मी धा डग्ग्याबरोबर घेते आणि आखूड ठेवते, गे सोडून देते, आणि तो गप्प झाला की न-क वरून एखादा सूर घेऊन धि ला पोचते. तुम्ही दुसरं काही कराल, पण डग्ग्याची मींड चालू असताना लांबलचक सूर धरून ठेवलात तर दोघांचंही काही ऐकू येत नाही, नुसता गडगडाट होतो. तालमीत तबलजीच्या समोर न बसता त्याच्या डाव्या हाताशी बसा. बोटं नाही, तळहात बघा. चहा आधी त्याला द्या, हेही तितकंच उपयोगी.

दुसरं म्हणजे कॉर्ड, एकत्र वाजवलेले तीन-चार सूर. जुनी भावगीतं आणि अभंग मुळात कॉर्डवर बांधलेले नाहीत. कीबोर्डवाल्याला मात्र दर दोन मात्रांनी काहीतरी बदलायची घाई असते. भूप रागातलं गाणं घ्या: सा रे ग प ध, म आणि नी वर्ज्य. सा जर सी धरला तर एफ कॉर्डमध्ये म येतो आणि पेटीवाल्या काकांच्या कपाळाला आठी पडते. त्याऐवजी खाली ध धरला तर ए मायनर होतो, त्यातले तिन्ही सूर, ध सा ग, भूपातलेच. बदल झाल्यासारखा वाटतो आणि रागही बिघडत नाही. कीबोर्डवाल्याला हे वाद घालून पटवू नका. तुम्ही ध वर जाऊन उभे राहा, दोन कडव्यांनंतर तो आपोआप येतो. बेसवाल्याच्या हातातली सत्ता ही एवढीच, पण ती खरी आहे.

आणि पट्टी! तालमीत गाणं काळी पाचमध्ये बसवलेलं असतं आणि कार्यक्रमाला गायिकेचा घसा बसतो. 'आज काळी चार घेऊ या का?' गिटारवाला कापो (पट्टी बदलायचा चिमटा) शोधत खिसे चाचपतो, पेटीवाले काका सुस्कारा सोडतात. तुम्ही सगळं जसंच्या तसं दोन फ्रेट खाली सरकवायचं की झालं. बेसच्या चारही तारा सारख्याच अंतराने लावलेल्या असतात, त्यामुळे बोटांचा आकृतिबंध कुठेही तोच राहतो: सा च्या पुढच्या तारेवर, दोन फ्रेट वर प, त्याच्या पुढच्या तारेवर, त्याच फ्रेटला वरचा सा. काळी चारचा सा सगळ्यात जाड ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर, काळी एकचा शेजारच्या ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर. म्हणजे गायिका झाल्यावर गायक आला तरी पुष्कळदा हात जागचा हलतही नाही. फक्त मोकळ्या तारांवर वाजवायची सवय लावून घेऊ नका, नाहीतर पट्टी बदलली की तुम्हीही खिसे चाचपाल.

ऐकायचं काय? पंचमच्या गाण्यांत टोनी वाझ, रहमानच्या गाण्यांत कीथ पीटर्स, आणि सध्याची मुंबईची मोहिनी डे. मोहिनीचे व्हिडिओ सराव संपल्यावर बघा. आधी बघितलेत तर सराव होत नाही. ऐकताना हेडफोन हवेतच. बेसची मोकळी ई तार सेकंदाला 41 कंपनं करते. मोबाइलच्या स्पीकरला एवढ्या खालचं काही झेपत नाही. वरच्या उपस्वरांवरून कान खालचा सूर अंदाजाने भरून काढतो म्हणून थोडंफार जाणवतं, एवढंच. कार्यक्रमाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकल्यावर 'तू छान दिसतेस, पण वाजवत होतीस का?' असं आलं, तर मनावर घेऊ नका.

परीक्षांबद्दल लोक विचारतात. रॉकस्कूल आणि ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडे देता येतात, दोन्हींत बेसचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे आणि आठवीपर्यंत ग्रेड आहेत. शिस्त लागते, नोटेशन वाचता येतं. मंडळातला कोणी सर्टिफिकेट विचारत नाही.

मंडपातल्या साऊंडवाल्याशी मात्र मैत्री करा. 'घूं' असा गुणगुणाट आला की पहिला संशय बेसवर जातो. बहुतेक वेळा अर्थिंग नसलेला एक्स्टेन्शन बोर्ड दोषी असतो. स्वतःचा डीआय बॉक्स (बेस थेट मिक्सरला जोडणारी डबी) ठेवा, दोन ठिकाणच्या अर्थिंगच्या गुंत्यातून आलेला गुणगुणाट त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की पुष्कळदा मिटतो. बेस ॲक्टिव्ह असेल तर त्यात नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खोचलेली असेपर्यंत ती जळत राहते, तुम्ही वाजवा न वाजवा. म्हणून चहाला जाताना केबल काढा, पण साऊंडवाल्याला खूण करून. नाहीतर 'धप्प' आवाजाने पहिल्या रांगेतले आजोबा दचकतात. गणेशोत्सवात रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, ठरावीक दिवशीच बारापर्यंत सूट मिळते. त्यामुळे पावणेदहाला कार्यकर्ता घड्याळ दाखवायला लागतो आणि कापली जातात ती तुमचे छोटेसे एकल तुकडे असलेली गाणी. निवेदकही घाईत असतो. 'आणि गिटारवर…' म्हणून तुमचं नाव गिटारवाल्याला देऊन टाकतो. नमस्कार करून मोकळं व्हायचं. नारळ दोघांनाही मिळतो.

येण्याजाण्याचं म्हणाल तर चार फुटी पिशवी घेऊन गर्दीच्या वेळी लेडीज डब्यात चढू नका, शाप मिळतात. लगेजच्या डब्यात मासळीच्या पाट्यांशेजारी जागा असते आणि तिथल्या बायका मोकळेपणाने विचारतात, 'याचे किती मिळतात?' मानधन आणि रिक्षाभाडं यांचा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला होता. एकीने फक्त 'अगं बाई' म्हटलं आणि बसायला जागा करून दिली.

शेवटचं काम केबलचं. कार्यक्रम संपला की स्टेजवर सगळ्यांच्या केबल काळ्या आणि सारख्याच दिसतात. आपल्या केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी लावा. मी पिवळी लावते. कीबोर्डवाल्यानेही हल्ली पिवळीच लावायला सुरुवात केली आहे.