भिंतीतील मत्स्यालय: काचेमागच्या जागेचे नियोजन

भिंतीत बसवलेल्या मत्स्यालयाचा विचार बहुधा दिवाणखान्याच्या बाजूने सुरू होतो आणि मागच्या खोलीत जी जागा उरेल ती पाइप, पंप व गाळणीच्या वाट्याला येते. हा क्रम उलटा असावा, कारण रोजचे सगळे काम मागूनच होते. पुढील हिशेब 180 सेंमी लांब, 60 सेंमी रुंद आणि 60 सेंमी उंच, म्हणजे सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या गोड्या पाण्याच्या टाकीचा आहे.

या टाकीची क्षमता 648 लिटर भरते. 12 मिमी काचेचे वजन सुमारे 120 किलो होते आणि त्यात वाळू, दगड, स्टँड व स्टँडमधल्या खालच्या टाकीतले पाणी मिळवले की एकूण भार एक टनाच्या आसपास जातो. हा भार जेमतेम एक चौरस मीटरवर येतो, तर आपल्याकडे राहत्या खोल्यांची स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो वापर-भार धरून आखलेली असते. त्यामुळे फ्लॅटमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय भिंतीला छिन्नी लावू नये. मिव्हान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती व स्लॅब एकत्र ओतलेल्या इमारतींत तर बहुतेक भिंती काँक्रीटच्या आणि इमारतीचा भार पेलणाऱ्या असतात; तिथे हा बेत सोडून द्यावा. विटांच्या भिंतीत उघाडावर लिंटेल, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी तुळई घालावी आणि काचेभोवती चहूबाजूंनी किमान सेंटीमीटरभर फट ठेवून ती नंतर पट्टीने झाकावी. टाकी आपल्या स्टँडवरच उभी असावी. भिंतीचा कणभरही भार तिच्यावर येता कामा नये.

मागे माणूस उभा राहून वाकू शकेल एवढी, म्हणजे निदान 75 सेंमी मोकळी जागा लागते. एका फुटात भागेल असे सांगणारा कंत्राटदार भेटला, तर टाकी भिंतीत न बसवता खोलीत ठेवणे शहाणपणाचे. स्टँड 90 सेंमीचा धरला तर टाकीची कड 150 सेंमीवर येते. तळाच्या वाळूपर्यंत हात पोहोचवायला मागे भक्कम पायरी आणि कडेच्या वर किमान 45 सेंमी मोकळी उंची हवी. दिव्यांचे झाकण मागच्या बाजूने उचलता आले पाहिजे.

खालच्या टाकीला, म्हणजे सम्पला, सर्वाधिक विचार द्यावा. वरच्या टाकीतले पाणी पाइपांतून त्यात उतरते, तिथे गाळले जाते आणि पंप ते परत वर चढवतो. 120 बाय 45 बाय 45 सेंमीचा सम्प काठोकाठ 243 लिटरचा असतो, पण चालू स्थितीत त्यातले पाणी 25 सेंमीच्या वर, म्हणजे 135 लिटरच्या वर ठेवू नये. वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाकीतले पाणी खाली उतरू लागते. पातळी तीनच सेंटीमीटर घसरली तरी 32 लिटर येतात आणि पाइपांतले पाणी वेगळे. ही आवक मावेल एवढी रिकामी जागा सम्पमध्ये कायम असली पाहिजे. पाणी वर नेणाऱ्या परतीच्या पाइपाचे तोंड पाण्याखाली फार खोल ठेवले, तर उलटा सायफन लागून तोंडाच्या पातळीपर्यंतचे सगळे पाणी खाली येते, म्हणून ते पृष्ठभागाच्या किंचितच खाली असावे. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नये. त्यात शेवाळाचा कण अडकला की तो नावापुरता उरतो. माझ्या पहिल्या टाकीत सम्प आत ठेवून नंतर स्टँडचा मधला पाय वेल्ड केला होता, त्यामुळे सम्प बाहेर काढायची वेळ आली तेव्हा आधी तो पाय कापावा लागला. 120 सेंमीच्या सम्पसाठी दोन पायांत 125 सेंमीचे मोकळे अंतर ठेवावे.

उताराचे पाइप तीन असावेत: मुख्य एक इंची, त्यावर प्रवाह बारकाईने जुळवण्यासाठी गेट व्हॉल्व्ह, दुसरा किंचित जास्तीचे पाणी नेणारा, आणि तिसरा दीड इंची, आणीबाणीचा, ज्यावर कोणताही व्हॉल्व्ह बसवायचा नाही. पूर्ण भरून वाहणारा मुख्य पाइप गुळगुळ आवाज करत नाही आणि मागे झोपायची खोली असेल तर याचे मोल पहिल्याच रात्री कळते. टँक निपलची, म्हणजे काचेतून पाइप जोडणाऱ्या तुकड्यांची भोके टाकी बनतानाच पाडून घ्यावीत. टफन्ड काचेला नंतर भोक पाडू गेल्यास ती फुटते. थंड पाण्याला यूपीव्हीसी पाइप पुरतो. काटकोनी एल्बोऐवजी शक्य तिथे लांब वळणाचे बेंड वापरावेत आणि पंपाच्या व प्रत्येक व्हॉल्व्हच्या जोडीला युनियन, म्हणजे फिरवून उघडता येणारा सांधा बसवावा, म्हणजे दुरुस्तीला पाइप कापावा लागत नाही. तासाला टाकीच्या पाचपट, म्हणजे सुमारे 3,250 लिटर पाणी फिरवायचे असेल, तर पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाहून फसू नये. तो शून्य उंचीचा असतो. दीड मीटरच्या चढाला तो पंप किती पाणी देतो, ते त्याच्या तक्त्यावरून पाहावे.

आठवड्याला 150 लिटर पाणी बदलायचे तर बादल्यांनी महिनाभरातच उत्साह संपतो. मागच्या खोलीत नहाणी ट्रॅप, त्याकडे उतार दिलेली लादी व खाली वॉटरप्रूफिंग करून घ्यावे. नळाचे पाणी क्लोरीन काढून भरण्यासाठी 200 लिटरचे पिंपही तिथेच मावले पाहिजे. बाष्पीभवनाची भर घालणारा बॉलकॉक थेट नळाला जोडू नये. तो अडकला तर घरात पाणी शिरते. तो एका लहान टाकीला जोडावा.

सॉकेट सम्पच्या वर नव्हे, तर बाजूच्या भिंतीवर उंचावर घ्यावेत, वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता खाली ठिबकावे म्हणून प्रत्येक वायरीला सॉकेटखाली झोल द्यावा आणि वीज गळताच पुरवठा तोडणारे 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. दमट हवा बाहेर काढायला एक्झॉस्ट पंखा लागतो. पाणी थंड करणारा चिलर बसवायचा असेल तर त्याला हवेशीर जागा द्यावी. बंद कपाटात तो स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो.

भिंतीची पट्टी व रंगकाम होण्याआधी टाकी भरून आठवडाभर चालवावी. मग पंप बंद करून सम्पमध्ये पाणी कुठवर चढते ते पाहावे आणि चालू स्थितीतल्या कमाल पातळीची रेघ मार्करने काचेवर ओढून ठेवावी. पुढे घरातल्या कुणीही पाणी भरले तरी त्या रेघेच्या वर भरायचे नाही.