नॅनोट्यूब पाण्यात तरंगतात कशाने? आधी अल्कलीने धुऊन बघा

आम्लातून काढून, पीएच न्यूट्रल होईपर्यंत पाण्याने धुतलेल्या कार्बन नॅनोट्यूब स्वच्छ नसतात. नवीन येणाऱ्यांनी बाकी काही विसरलं तरी चालेल, हे विसरू नये. नायट्रिक आम्लात रिफ्लक्स करताना (म्हणजे वाफ थंड करून परत आणत उकळताना) ट्यूबबरोबरच्या अमॉर्फस, म्हणजे ठरावीक रचना नसलेल्या, कार्बनचे बारीक तुकडे होतात. त्यांच्या कडांना कार्बॉक्सिल (सीओओएच) गट दाटीने असतात, पण सपाट अंगाने ते ट्यूबला घट्ट चिकटतात. आम्लात किंवा नुसत्या पाण्यात ते नीट सुटत नाहीत. फिल्ट्रेट नितळ येतं आणि आपण फसतो.

मग टायट्रेशन आणि एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं मोजण्याच्या तंत्रात) त्यांचाही ऑक्सिजन ट्यूबच्या नावावर जमा होतो. पाण्यात हेच तुकडे मातीतल्या ह्युमिक आम्लासारखे ट्यूबला तोलून धरतात. महिनाभर न बसणारं काळंभोर सस्पेन्शन त्यांच्या जिवावर उभं असू शकतं!

हे तुकडे काढायला १०० मिग्रॅ ट्यूब १०० मिली ०.०१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास ढवळा. ०.२ मायक्रॉनच्या हायड्रोफिलिक (पाण्याने भिजणाऱ्या) पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच्या, मेम्ब्रेनमधून गाळा. पहिलं फिल्ट्रेट कोऱ्या चहासारखं पिवळट-तपकिरी उतरतं. रंग जाईपर्यंत हेच परत करा. मेम्ब्रेन तुंबेल, तरी व्हॅक्यूम वाढवू नका, थोडं थोडं ओता. नंतर ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने सोडियम काढा आणि शेवटी डीआय (आयन काढलेल्या) पाण्याने, कंडक्टिव्हिटी मूळ पाण्याइतकी होईपर्यंत धुवा. तपकिरी फिल्ट्रेट फेकू नका, किती माल ट्यूबचा नव्हता ते त्यातूनच कळतं. ‘सीओओएच-फंक्शनलाइज्ड’ म्हणून विकत आणलेल्या ट्यूबनाही हे सगळं करावं लागतं.

धुतल्यावर सस्पेन्शन आधीपेक्षा लवकर बसलं तर घाबरू नका. काम बिघडलेलं नाही, बसायला लागलेला वेळ आता खरंच ट्यूबचा आहे.

‘झीटा (कणाच्या पृष्ठभागाजवळचं विद्युत विभव) उणे ४० मिलिव्होल्ट आला, झालं’ म्हणणाऱ्या सीनियरचं मात्र ऐकू नका. जॉन्स हॉपकिन्सच्या २००९च्या कामात कार्बॉक्सिल वाढले तशी क्रिटिकल कोॲग्युलेशन काँसन्ट्रेशन (ज्या मिठाच्या प्रमाणाला कण झपाट्याने गुठळ्या करतात ते) वाढली, पण झीटा जिच्यावरून काढतात त्या इलेक्ट्रोफोरेटिक मोबिलिटीशी (विद्युत क्षेत्रात कण सरकण्याच्या वेगाशी) तिचा मेळ बसला नाही. म्हणून मीठ घालून डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर) गुठळ्या होण्याचा वेग मोजाच, आणि सोडियमवर थांबू नका. कार्बॉक्सिल असलेलंच दुसरं कार्बन द्रव्य, ग्राफीन ऑक्साइड, सोडियम क्लोराइडमध्ये सुमारे ४४ मिलिमोलरपर्यंत तग धरतं, कॅल्शियम क्लोराइडमध्ये ०.९ मिलिमोलरलाच बसतं, कारण कॅल्शियम कार्बॉक्सिलेटला थेट धरतं. लिटरला ४० मिग्रॅ कॅल्शियम म्हणजे १ मिलिमोलर, आणि दुष्फेन बोअरच्या पाण्यात एवढं सहज असतं. मिठाची द्रावणं ०.१ मायक्रॉनमधून गाळून घ्या, नाहीतर डीएलएस धूळच मोजत बसेल.