बदाम सत्ती: नियम, मांडणी आणि पानं कधी धरून ठेवायची

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाराच्या पुढे कुणी घराबाहेर पडत नाही. घरात मात्र पाहुणे आलेले, आजी-आजोबा आणि पोट्टे सगळे एकाच खोलीत. अशा वेळी सगळ्यांना एकत्र बसवणारा खेळ हवा, तर बदाम सत्तीच काढावी. एक ते तेराचा क्रम कळणारं मूलही पहिल्याच डावात खेळायला लागतं. मेंढीकोटासारखे भिडू लागत नाहीत आणि हुकूम लक्षात ठेवायची भानगड नाही.

एका कॅटमध्ये ३ ते ८ जण खेळू शकतात, पण खरी मजा ४ ते ६ जणांत. आधी जोकर बाजूला काढा आणि प्रत्येक रंगाची १३ पानं मोजून घ्या. हे टाळू नका. एखादी किलवरची पंजी हरवलेली असेल तर तिच्या खालची चारही पानं कुणालाच लावता येत नाहीत आणि डाव तिथेच अडकतो. हरवलेल्या पानाच्या जागी जोकर घ्या आणि त्यावर पेनाने नाव लिहा. आणखी एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. कुणी बदाम म्हणतं, कुणी लाल पान. कुणी चौकट, कुणी ईंट. मुलांसमोर एकच नाव वापरलं की बदामाच्या सत्तीला चौकटची अठ्ठी लागण्याची चूक कमी होते. हातात पानं लावताना तांबडा-काळा-तांबडा-काळा असा क्रम ठेवला तरी हाच घोळ टळतो.

सगळी पानं एकेक करून वाटा. चौघांत प्रत्येकी १३ येतात. पाच जणांत दोघांना ११ आणि तिघांना १०, सहा जणांत चौघांना ९ आणि दोघांना ८. जास्तीचं पान दर वेळी एकाच्याच वाट्याला येऊ नये म्हणून प्रत्येक डावाला वाटणारा बदला.

ज्याच्याकडे बदाम सत्ती, त्याने ती मधे ठेवून सुरुवात करायची. पुढच्याने बदामाची छक्की किंवा अठ्ठी लावायची, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती उघडायची. सत्तीच्या खाली छक्कीपासून एक्क्यापर्यंत उतरायचं, वर अठ्ठीपासून राजापर्यंत चढायचं. एका वेळी एकच पान. लावण्यासारखं काही नसेल तरच पास. पान असताना पास म्हणता येत नाही, आणि हाच या खेळाचा कणा आहे. हा नियम ढिला सोडला की प्रत्येक जण सत्ती दाबून बसतो आणि सगळे नुसते पास म्हणत राहतात. कुणी खोटा पास दिल्याचं नंतर उघड झालं तर त्याच्या नावावर १० गुणांचा दंड लिहा.

कूलर सुरू असेल तर मांडणीकडे नीट लक्ष द्या. सतरंजीवर लांब रांगा पसरल्या की वाऱ्याने पानं उलटतात, आणि कोणतं कुठे होतं यावरून वाद सुरू होतो. त्यापेक्षा सत्ती मधे आडवी ठेवा, तिच्या खाली उतरत्या पानांची एक गड्डी आणि वर चढत्या पानांची दुसरी. गड्डी एक्क्यापर्यंत किंवा राजापर्यंत पोचली की पालथी करा. कूलरच्या थेट झोताखाली कागदी पत्ते ओलसर होऊन एकमेकांना चिकटतात आणि वाटताना एकाऐवजी दोन पानं जातात. म्हणून झोत बाजूला वळवा, किंवा प्लास्टिकचे पत्ते घ्या. तर्री-पोह्याच्या बशा मात्र डाव संपल्यावरच आणा. एका पानावर तर्रीचा डाग पडला की ते पाठीवरून ओळखू येतं.

पहिल्यांदा खेळणाऱ्याला सगळं नशिबावर आहे असं वाटतं. पण कोणतं पान आधी सोडायचं हे तुमच्याच हातात असतं. समजा तुमची पानं अशी आहेत: बदाम अठ्ठी आणि राजा, इस्पिक एक्का, दुर्री, छक्की, सत्ती, किलवर सत्ती, नव्वी, गुलाम, चौकट तिर्री, पंजी, दश्शी, राणी. बदाम सत्ती लागली आणि तुमची पाळी आली. तीन पानं लागू शकतात: बदाम अठ्ठी, इस्पिक सत्ती, किलवर सत्ती.

आधी बदाम अठ्ठी सोडा. राजापर्यंतची नव्वी, दश्शी, गुलाम, राणी दुसऱ्यांकडे आहेत. वाट जितकी लवकर उघडेल तितकी ती पानं बाहेर पडतील. राजा हातात राहिला तर १३ गुण बसतात. नंतर इस्पिक सत्ती आणि छक्की, कारण एक्का-दुर्री मोकळी व्हायला मधली तीन पानं यावी लागतात. किलवर सत्ती शेवटी. त्या रंगात तुमचं टोकाचं पान नाही आणि ती धरून ठेवली तर बाकीच्यांच्या हातातली १० किलवरं कोंडून राहतात.

एक्का किंवा राजा लावल्याने पुढच्याची वाट उघडत नाही. त्यामुळे ही पानं लागण्याजोगी झाली की लगेच टाकू नका. दुसरं काही सोडणं महागात पडणार असेल, त्या पाळीला ती वापरा. मात्र कुणाच्या हातात दोन-तीनच पानं उरली की राजा आधी काढा.

ज्याची पानं आधी संपली तो जिंकला. बाकीच्यांनी हातातली पानं मोजायची: एक्का १, गुलाम ११, राणी १२, राजा १३, मधल्यांचा जो आकडा तो. कुणाचे १०० गुण झाले की खेळ संपवा. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो विजयी.

डाव संपला की पत्ते ओळीने गोळा होतात. तसेच वाटले तर प्रत्येक रंग सगळ्यांत सारखा वाटला जातो, कुणी फारसं अडकत नाही आणि खेळ मिळमिळीत होतो. म्हणून पानं पालथी पसरून दोन्ही हातांनी चांगली कालवा, मग चार-पाच वेळा पिसा, आणि डावीकडच्याला काटायला द्या.

आठाहून जास्त माणसं असतील तर दोन कॅट एकत्र करा. त्यासाठी दोन्हींची पाठ सारखी हवी. १०४ पानं, आठ सत्त्या. ज्याची पाळी आधी येईल त्याच्या बदाम सत्तीने सुरुवात, दुसरी बदाम सत्ती इतर सत्त्यांसारखीच. लहान पोट्ट्यांच्या मुठीत १३ पानं मावत नाहीत. त्यांच्यापुढे एक जाड वही उभी करा, तिच्या आड पानं मांडून त्यांना खेळू द्या.