गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी सर्जनची पाटी कशी वाचावी

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतून फिरताना दवाखान्यांच्या पाट्यांवर डॉक्टरांच्या नावापुढे अक्षरांची मोठी रांग दिसते. ती पाहून आपण दबून जातो आणि नेमके जे विचारायला हवे ते विचारायचे राहते. माझा भाचा रेशीमबागच्या मैदानावर कबड्डीत चढाई करून परतत असताना त्याचा पाय मातीत रोवला गेला, अंग मात्र वळले, आणि ‘कट्’ असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला. गुडघ्यातले लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा दोर, तुटले होते. आधी मालिश करण्यात दोन आठवडे गेले, ही चूक आमची. नंतर एका दवाखान्यात गुडघ्याला हातही न लावता एमआरआयच्या अहवालावरूनच शस्त्रक्रियेची तारीख देण्यात आली. तेथून उठल्यावर सर्जनची पार्श्वभूमी कशी तपासायची हे आम्ही हळूहळू शिकलो.

पाटी डावीकडून, म्हणजे शिक्षणाच्या क्रमाने वाचावी. एमबीबीएसला साडेचार वर्षे अभ्यासाची आणि एक वर्ष इंटर्नशिपचे लागते. त्यानंतर नीट-पीजी ही प्रवेशपरीक्षा आणि एमएस किंवा डीएनबी ऑर्थोपेडिक्स, म्हणजे हाडांच्या शस्त्रक्रियेतील पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे. काही ज्येष्ठ डॉक्टरांच्या पाटीवर डी ऑर्थो हा दोन वर्षांचा डिप्लोमा असतो; तो कमी प्रतीचा समजण्याचे कारण नाही, कारण त्यांच्यापैकी अनेकांचा हाडांचा अनुभव आपल्या वयाएवढा असतो. नागपूरकर ज्यांना सरळ ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ म्हणतात, त्या दोन शासकीय महाविद्यालयांत किंवा तशाच गर्दीच्या रुग्णालयात शिकलेल्या डॉक्टरने रस्ते अपघातांतील तुटलेली हाडे भरपूर जोडलेली असतात. ही शिदोरी मोठी आहे, पण लिगामेंटचे काम वेगळे. मांडीचे हाड पट्टी आणि स्क्रूने जोडणे आणि दोन छोट्या छिद्रांतून दुर्बीण घालून, पडद्यावर पाहत, सांध्याच्या आत नवा दोर बांधणे यांत हाताची सवय सारखी नसते.

म्हणून पाटीचा खरा मजकूर एमएसनंतर सुरू होतो. तेथे बहुधा ‘फेलोशिप’ हा शब्द असतो, आणि सर्वाधिक फसगत याच शब्दामुळे होते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची क्रीडावैद्यकातील एफएनबी ही फेलोशिप दोन वर्षांची असते आणि तिच्या शेवटी परीक्षा द्यावी लागते. एखाद्या ज्येष्ठ आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीतून सांध्याची शस्त्रक्रिया) सर्जनकडे सहा महिने किंवा वर्षभर राहून केलेली फेलोशिपही भक्कम असू शकते. परंतु परदेशातील रुग्णालयात दोन-चार आठवडे उभे राहून शस्त्रक्रिया पाहणे यालाही फेलोशिपच म्हणतात. त्यामुळे “फेलोशिप कुठे केली?” यापेक्षा “किती महिन्यांची होती आणि तेथे स्वतः शस्त्रक्रिया करायला मिळत होत्या का?” हा प्रश्न अधिक कामाचा आहे. तो नम्रपणे विचारावा; ज्याने काम केले आहे तो डॉक्टर रागावत नाही, उलट त्या दिवसांबद्दल दोन वाक्ये जास्त बोलतो.

‘स्पोर्ट्स मेडिसिन’ या शब्दाबाबतही एक खुलासा आवश्यक आहे. एमडी स्पोर्ट्स मेडिसिन झालेला डॉक्टर खेळाडूंच्या दुखापतींचे निदान करतो, व्यायाम आणि पुनर्वसन पाहतो, पण शस्त्रक्रिया करत नाही. ती ऑर्थोपेडिक सर्जन करतो. अनेक दुखापतींत स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरकडे जाऊनच भागते. नागपुरातील बहुतेक घरांत अमेरिकेत राहणारा कोणीतरी नातलग असतोच आणि तो तेथील सर्जनची माहिती पाठवून तुलना करायला सांगतो. तेथील पायऱ्या निराळ्या आहेत: पाच वर्षांची ऑर्थोपेडिक रेसिडेन्सी (रुग्णालयातील प्रशिक्षण), त्यानंतर एक वर्षाची स्पोर्ट्स फेलोशिप, आणि 2007 पासून या उपशाखेचे स्वतंत्र प्रमाणपत्र. आपल्याकडील पाटीवर तेच शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही.

डॉक्टर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीकृत आहेत का, हेही पाहावे. नोंदणी क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर छापलेला असतो आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते.

हे सर्व झाल्यावर प्रत्यक्ष भेटीत काय घडते ते बारकाईने पाहावे. ज्या सर्जनकडे आम्ही शेवटी थांबलो, त्यांनी एमआरआयचे पाकीट बाजूला ठेवले. आधी चांगला गुडघा तपासला, मग दुखरा. गुडघा थोडासा वाकवून, एका हाताने मांडी धरून, दुसऱ्या हाताने पोटरीकडचा भाग हलकेच पुढे ओढला. चांगल्या पायाला ओढ लगेच थांबली, दुखऱ्या पायाचे हाड मात्र सैल खुंटीसारखे पुढे सरकले. ते भाच्यालाही दिसले. एमआरआय त्यांनी त्यानंतर उघडला.

तेथे विचारण्याचे प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्यावेत. महिन्याला अशा किती शस्त्रक्रिया करता? नवा दोर कोठून घेणार, मांडीच्या मागच्या स्नायूचा की वाटीखालचा, आणि या मुलाच्या खेळासाठी तोच का? सांध्यात दोन हाडांमध्ये असलेली गादी फाटली असेल तर शिवणार की कापून काढणार? गादीचा प्रश्न वगळू नये. कापल्यास चालणे लवकर जमते, पण सांध्याचा झटके सोसणारा भाग कायमचा कमी होतो. शिवल्यास आरंभी अधिक जपावे लागते. शस्त्रक्रिया केलीच नाही तर काय होईल, हेही विचारावे. बैठे काम करणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला याचे उत्तर “व्यायामावर भागेल” असे मिळू शकते, आणि ते सांगणारा सर्जन मला अधिक विश्वासाचा वाटतो.

माझ्या मते सर्जनची खरी परीक्षा “परत मैदानावर कधी?” या प्रश्नाला होते. तीन-चार महिन्यांत गुडघा दुखायचा थांबतो, मुलगा पायऱ्या धावत चढतो आणि घरच्यांना तो बरा झाल्यासारखा वाटतो. आतला दोर मात्र तेव्हा पक्का झालेला नसतो. बसवलेला दोर आधी कमकुवत होतो आणि मग हळूहळू लिगामेंटचे रूप घेतो. त्यामुळे अंगावर येणाऱ्या खेळात नऊ महिन्यांच्या आत उतरू नये, आणि नऊ महिने झाले तरी दोन्ही पायांची ताकद मोजून, उडी-चाचण्या घेऊनच उतरावे. “तीन महिन्यांत खेळेल” असे आश्वासन मिळाले तर पाटीवर कितीही अक्षरे असोत, दुसरे मत घ्यावे. फिजिओथेरपिस्ट कोण असेल आणि सर्जन त्यांच्याशी स्वतः बोलतात का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे. नागपूरबाहेरून, समजा उमरेड किंवा काटोलहून येणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण आठवड्यातून तीनदा एसटीने येणे कोणाच्याच्याने फार काळ होत नाही.

सुटी होताना केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, आत बसवलेल्या स्क्रूचे स्टिकर आणि दुर्बिणीतून काढलेली छायाचित्रे मागून घ्यावीत. पुढे कधी गुडघा पुन्हा उघडावा लागला, तर कोणता दोर वापरला आणि तो बसवायला हाडात बोगदा कोठे पाडला, हे नव्या सर्जनला त्या कागदांवरूनच कळते.