फूटरेस्टचं रबर बदलताय? खोबरेलाची बाटली घरातच राहू द्या

घर शाकारून झालं, लाकडं पडवीत आली, आता मिरगाआधी मोटरसायकलकडे बघा. फूटरेस्टच्या रबरावरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल, तर चिखलाने भरलेली चप्पल पहिल्याच पावसात सटकणार, आणि तीही घाटीत गिअर टाकताना. जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आणखी एक पावसाळा ढकलणारे गावोगाव आहेत. ती पट्टी भिजली की झिजलेल्या रबरापेक्षा वाईट.

गाडी मेन स्टँडवर लावा. जुनं रबर वाचवायचा प्रयत्न करू नका. खालच्या बाजूने कटरने उभं चिरा आणि सोलून काढा. ते टाकू नका, दुकानात सोबत न्या. नुसतं गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार हाताला येईल ते देतो. नवं रबर तिथेच वाकवून बघा. बारीक भेगा उघडल्या तर तो माल वर्षानुवर्षं पडून आहे, परत करा.

आता दांडी. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने रबराखालचं लोखंड गुपचूप खाल्लेलं असतं. मागे मासळीची टोपली बांधत असाल तर मागच्या फूटरेस्टचं विचारूच नका, वरून ठिबकणारं पाणी थेट तिथेच मुरतं. आधी गोड्या पाण्याने धुवा, कारण मीठ राहिलं तर रंगाखालीही गंज चालूच राहतो. मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या लाल रंगाचा, एक पातळ हात. पातळच. जाड थर दिलात तर रबर चढणार नाही. रंग पूर्ण वाळू द्या.

रबर चढवणं हे खरं काम, आणि सगळे फुकटचे सल्ले इथेच मिळतात. आपल्याकडचा लाडका सल्ला म्हणजे खोबरेल. लावलंत तर रबर सर्रकन चढेल, कबूल. पण खोबरेल वाळत नाही. महिनाभराने ब्रेक दाबताना रबर पायाखाली गोल फिरलं, की तो सल्लागार शोधायला जा. ग्रीस आणि इंजिन ऑइल तर त्याहून वाईट, त्याने रबर फुगून मऊ पडतं. गोंदाने चिकटवणारेही आहेत. पुढच्या वेळी तो गोंद खरवडताना त्यांची आठवण काढाल.

लागतं फक्त गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण. हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात रबर पाचेक मिनिटं बुडवा. आचेवर उकळत ठेवू नका. तोवर दांडीला साबणाचं पाणी लावा. रबर फडक्यात धरून बाहेर काढा, आतही साबण फिरवा, तोंड दांडीवर बसवा आणि तळहाताने रेटत डावी-उजवीकडे पिळत न्या. हातोडी नको, कड फाटते.

अर्ध्यावर ते अडणार, आणि इथे लोक चिडून आणखी जोर लावतात. रबराचं टोक बंद असेल तर आत कोंडलेली हवा ते मागे ढकलत असते. तिथे ताकद चालत नाही, हवेला वाट द्यावी लागते. सायकलची एक जुनी स्पोक घ्या, टोक कानशीने गोल करा आणि साबणात बुडवून रबराच्या कडेखालून सरकवा. फेसाचे बुडबुडे येत फुस्स आवाज होतो. स्पोक आत असतानाच रेटा, मग ती ओढून घ्या. पुन्हा अडलं तर पुन्हा तेच. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, त्याच्या धारदार कोपऱ्याने आतून चीर पडते आणि ती पावसाळ्यात वाढत जाते. रबर गार पडलं असेल तर हट्ट सोडा, काढून परत गरम पाण्यात टाका.

दांडीचं बोंड आतल्या खोबणीत बसलं की हाताला कळतं. लगेच नक्षीची बाजू वर आली का बघा, खालचा खाचा जुळला का बघा. ओलं आहे तोवरच फिरवता येतं. मग रात्रभर हात लावू नका. हवा दमट असेल तर अजून एक दिवस. चुलीजवळ नेऊन वाळवायची घाई नको.

काही गाड्यांना खालून बोल्ट असतो, त्यांचं काम पाच मिनिटांचं. खाली रबराच्या शेपट्या असतील तर त्यांना साबण लावून पकडीने एकेक खाली ओढा.

मागचे फूटरेस्ट दुमडतात तिथल्या पिनेला मात्र तेलाचे दोन थेंब खुशाल द्या, आणि ती निसटू नये म्हणून टोकाला घातलेली दुपेडी तार, म्हणजे स्प्लिट पिन, गंजलेली असेल तर बदला.

नवं रबर जुन्यापेक्षा जाड असतं, त्यामुळे पाय थोडा वर येतो आणि ब्रेकचं पेडल खाली गेल्यासारखं वाटतं. उतारावर जाण्याआधी सपाटीवर दोन-चारदा ब्रेक दाबून बघा आणि गरज वाटली तर पेडलची उंची जुळवून घ्या.