शाळेत आशियाई कलाप्रकार शिकवताना या चुका टाळा

जपानी शाईचित्र, कोइनोबोरी (वाऱ्यावर फुगणारे जपानी कार्प मासे), बाटिक (नक्षीच्या रेषा मेणाने झाकून कापड रंगवणं) असे उपक्रम वर्गात फसले की दोष मुलांच्या हाताला दिला जातो. खरं तर चुकतात कागद, पाण्याचं प्रमाण आणि महिना.

शाई पसरतच नाही

सगळ्यात जास्त बिघडतं ते शाईचित्र. ड्रॉइंगच्या कागदाला खळ असते, त्यामुळे शाई वरच साचून राहते. बाजारात ‘राइस पेपर’ मिळतो, पण नावावर जाऊ नका. या कामाचा चिनी श्वान कागद झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून होतो, तांदळापासून नाही. शाळेला कोरा न्यूजप्रिंट पुरतो. त्याखाली रद्दीचे चार थर ठेवा.

वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मुलांना देऊ नका. तिच्यात बहुधा लाख असते, ती वाळली की ब्रश कामातून जातो. साधा काळा पोस्टर कलर तीन वाट्यांत कालवा: एका भागाला पाणी 1, 5 आणि 15 भाग. 10 नंबरचा गोल ब्रश फिकट वाटीत पूर्ण बुडवून काठावर निथळा आणि फक्त टोक गडद वाटीत टेकवा. मुलं अख्खा ब्रश गडद शाईत बुडवतात, मग एका फटकाऱ्यात दोन छटा कुठून येणार?

बांबूचं पेर काढताना ब्रश उभा धरा. खालून वर जा: दाबून क्षणभर थांबा, हलकेच ओढा, पुन्हा दाबून उचला. दोन पेरांमध्ये 2–3 मिमी जागा कोरी ठेवा. आणि गिरवू देऊ नका, ओला न्यूजप्रिंट दुसऱ्या हाताला फाटतो. आधी रद्दीवर प्रत्येकाकडून बांबूची 20 पानं काढून घ्या.

चित्राच्या कोपऱ्यात खोटी ‘चिनी’ अक्षरं काढायला सांगणं तर अजिबात नको. ती कोणाची तरी खरी लिपी आहे. मुलांनी ब्रशने आपलं नाव देवनागरीतच लिहावं. लाल शिक्का हवा असेल तर खोडरबरावर अक्षर उलटं कोरा. सरळ कोरलं की कागदावर उलटं उमटतं.

कोइनोबोरी फुगत नाही

जपानमध्ये 5 मे हा बालदिन, त्यासाठी हे कार्प मासे उभारतात. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून उपक्रम जानेवारीत घ्या. संक्रांतीला येवल्यात पतंगांचा जल्लोष असतो, त्या दिवसांत नाशिकमध्ये पतंगाचा कागद सहज मिळतो आणि वाराही असतो.

माशाची नळी 60 सेमी लांब, तोंडाचा घेर 40 सेमी. कार्डशीटची 2 सेमी रुंद, 42 सेमी लांब पट्टी गोल करून, टोकं 2 सेमी एकमेकांवर चिकटवून तोंडाच्या आत लावा. कडं नसेल तर तोंड मिटतं. शेपटी चिकटवून बंद केली तर वारा आरपार जात नाही, ती उघडीच हवी. दोरे सारख्या अंतरावर तीन बांधा; दोनच बांधले तर तोंड कलतं. खवल्यांना पाण्याचे रंग देऊ नका, कागद चुरगळतो आणि त्याचा रंग उतरतो. खवले रंगीत कागदाचे कापून ग्लू स्टिकने चिकटवा.

बाटिकच्या रेषा फुटतात

इंडोनेशियात गरम मेण वापरतात. वर्गात मेण तापवणं धोक्याचं, म्हणून मैद्याची पेस्ट: अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी पाणी, 2 लहान चमचे तुरटीची पूड. गुठळ्या राहिल्या तर कोन तुंबतो, म्हणून पेस्ट गाळून मेंदीच्या रिकाम्या कोनात भरा. मांजरपाट आधी धुऊन खळ काढा, नाहीतर रंग कापडात शिरत नाही.

पेस्ट पूर्ण वाळण्याआधी रंग लावणं ही इथली मोठी चूक. नाशिकच्या जुलैच्या पावसात एक रात्र पुरत नाही, दोन दिवस धरा. नखाने टोचून पाहा: पेस्ट कडक हवी, मऊ नको. कापडाचा रंग पातळ न करता लावा, पातळ रंग पेस्टखाली झिरपतो. रंग 24 तास वाळल्यावर कापड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मग पेस्ट नखाने सुटते. जोरात घासू नका, कडेचा रंग निघतो.